गाळातली कढई

“बिडाचं भांडं एकदाच वाजवून पाय. बद्द वाजलं तं भेग समज. पण दुसऱ्यांदा वाजवू नोको,” सासूबाई सांगायच्या.

विहिरीचा गाळ उपसताना आमच्या ह्यांना गंजलेली कढई सापडली. मी टिचकी मारली. खणखणीत वाजली. मी हात मागे घेतला, तरी ती पुन्हा वाजली.

भास झाला असेल, असं म्हणून मी रोज राखेनं गंज घासला, कढई तापवून जवसाचं तेल मुरवलं. माझी लेक मैना तिला कान लावून हसायची.

“काय आयकून राहिली वं?”

“आतली बाई मले विहिरीवर बोलावते.”

“मंग तू काय म्हणलं?”

“कढई चमकली का येतो म्हणलं.”

मी तेलाचा बोळा तिथंच टाकला. अर्धवट चमकलेली कढई पालथी घातली.

आज हे कापसाची गाडी घेऊन बडनेऱ्याला गेले. रोज सांजेला तुळशीपाशी दिवा लागेपर्यंत माझं मौनव्रत असतं. वात लावायला वळले, तर कढई उताणी होती, काळीभोर, ओल्या तेलानं चमकत.

मौन मोडून मी ओरडले, “मैना!”

“ओ, आई,” कढईतून मैनाचा आवाज आला.

अंगणातून मैना मागं न बघता, हळूच विहिरीच्या वाटेला लागली होती.