कुंपणापलीकडचं गवत

मंजुळाबाईंनी साखर कंपनीचं कुंपण ओलांडलं आणि कमरेएवढ्या वाळक्या गवतावर कोयता चालवायला सुरुवात केली. त्यांच्या मागोमाग सगळी गल्ली कोयते-कुदळी घेऊन आत शिरली.

साखर कारखाना बंद पडल्यापासून मॉरिशसमधल्या त्या गावाभोवतीचे उसाचे मळे ओस पडले होते. गुरांसाठी कधीकाळी बाहेरून आणलेलं गवत तिथे माजलं होतं. पावसात ते भराभर वाढायचं आणि कोरड्या दिवसांत त्याचं नुसतं सरपण व्हायचं. गावाने कितीदा सांगूनही कंपनीने ते कापलं नाही. गेल्या आठवड्यात ठिणगी पडली, डोंगरावरून वारा सुटला आणि पळायलाही उसंत न देता आगीने अर्धं गाव गिळलं. मंजुळाबाईंचे यजमान त्यातच गेले. उरलेल्या घरांमागे तेच गवत अजून उभं होतं.

कंपनीचा मॅनेजर धावत आला. "मादाम, ही खाजगी जमीन आहे. बाहेर व्हा, नाहीतर पोलिसांना बोलावतो!"

"बोलवा की," मंजुळाबाई हात न थांबवता म्हणाल्या. "त्यांचीही घरं याच गावात आहेत."

मॅनेजरने हातातला फोन पुन्हा खिशात टाकला. संध्याकाळपर्यंत मळा आणि घरं यांच्यामध्ये तांबड्या मातीचा रुंद, उघडा पट्टा तयार झाला होता.