पातळ थर

“अजून थोडं लावा ना, डॉक्टर,” मृण्मयी तिसऱ्यांदा म्हणाली.

तिच्या मांडीवर तीन वर्षांची ईरा होती आणि ईराच्या कपाळावर पलंगाच्या कोपऱ्याने पडलेली खोक. टाके नकोत, औषधी गोंदाने चिकटवू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हापासून मृण्मयीची नजर त्या खोकेवरून हलली नव्हती. कातडी म्हणजे काय पतंगाचा कागद आहे? पोरगी हसली, रडली, तिने नुसत्या भुवया उडवल्या, तरी उलायची!

डॉक्टरबाईंनी जखमेच्या कडा चिमटीत जुळवल्या होत्या, वरून गोंदाचा एकच हलका हात फिरवला होता आणि बोटं अजून तशीच धरून ठेवली होती.

“अहो आई, जाड थर कडक होतो. कातडी ताणली की तडकतो. पातळ असला की तिच्याबरोबर ताणला जातो.”

मृण्मयी ओशाळली. रबराच्या दोन पट्ट्यांमधला गोंद पातळ असला तर जोड जास्त टिकतो, हे गणिताने मांडायला तिने एम.एस्सी.चं अख्खं वर्ष घातलं होतं. चाळीस पानं भरून समीकरणं! ती सगळी या बाईंच्या बोटांना पाठ होती.

“झालं. आता हसून दाखव बघू, ईराताई.”

“नको, नको!” मृण्मयी ओरडली.

आईचा चेहरा बघून ईराला आणखीच हसू फुटलं. कपाळाला आठ्या पडल्या. जखमेची बारीक रेघ आठ्यांबरोबर वाकली आणि त्यांच्याबरोबरच सरळ झाली. कुठेही उलली नाही.

मृण्मयी खाली वाकून बघतच राहिली.

“अजून एकदा हस गं,” ती म्हणाली.