सात झगे

आईनं गिऱ्हाइकाच्या कंबरेला टेप लावली, कापडापर्यंत आली आणि खडू हातात धरून नुसतीच उभी राहिली.

"अठ्ठावीस," मी मशीनवरून सांगितलं. सकाळपासून हेच चाललं होतं.

गिऱ्हाईक गेल्यावर मी विषय काढलाच. उन्मादाचे झटके येऊ नयेत म्हणून इतकी वर्षं लिथियम घेऊन आईचं थायरॉईड मंदावलंय. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसते. त्यावर रोज उपाशीपोटी आणखी एक गोळी. आणि आता हा विसराळूपणा.

"औषध बदलून बघू, असं डॉक्टर स्वतः म्हणतायत. तूच का अडून बसलीयेस? पूर्वी कशी होतीस तू! एका दिवसात माझ्यासाठी सात झगे शिवलेस, टेपला हातही न लावता. गल्लीभर मिरवले होते मी."

"घरातले पडदे कापून शिवले होते ते," आई म्हणाली. "आठव्याला कापड उरलं नाही, म्हणून तुझ्या पांघरुणाला कात्री लावली. तू आत झोपली होतीस. कूस बदललीस म्हणून कळलं."

माझा मशीनवरचा पाय थांबला.

"डॉक्टर सांभाळून बदलतील, ते कळतं मला. पण धीर होत नाही." तिनं कापडावर अठ्ठावीसची खूण केली. "आता माप विसरले तर तू सांगतेस. पांघरुणात तू आहेस, हे त्या दिवशी मला सांगायला कोणी नव्हतं."