बाबांच्या मेलचा नियम

केतकीने आईच्या, हेमलताबाईंच्या, कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्राम नव्याने टाकला आणि मेल आपोआप बाजूला काढणारे जुने नियम पुसले गेले. लगेच बाबांचे मेल इनबॉक्समध्ये येऊ लागले. बाबा जाऊन बराच काळ लोटला होता. पण गेलेल्यांची मेल-खाती आता आपोआप त्यांच्याच भाषेत लिहीत राहत.

हेमलताबाईंनी वरचा मेल वाचला. ‘गुडघा कसा आहे? जिना सावकाश उतर.’ त्यांचा चेहरा तसाच राहिला.

“आई, बॅकअपमध्ये जुने नियम सापडले. परत टाकू?”

“टाक.”

बाबांचे मेल न वाचताच दुसऱ्या फोल्डरमध्ये गेले.

“तुझ्याकडेही एक नियम करून ठेव,” हेमलताबाई म्हणाल्या. “माझ्या नावाचा.”

केतकीने आपला लॅपटॉप उघडला.