देवघराचं फिनिशिंग

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या करंदीकरकाकांचं देवघर प्रितमने स्वतःच्या हातांनी बांधलं. तीन महिने काकू त्याला ‘पीके’ म्हणत आग्रहाने जेवायला वाढत होत्या. मग शेवटच्या बिलावर त्यांनी पूर्ण नाव वाचलं: प्रितम खोब्रागडे. दुसऱ्या दिवशी तो विसरलेलं ड्रिल न्यायला गेला, तेव्हा काकू त्याच देवघरात गोमूत्र शिंपडत होत्या. “फिनिशिंग नीट नाही,” म्हणत काकांनी शेवटचा चेक दिलाच नाही.

तिथे ब्रही न काढता प्रितम थेट काउंटी ऑफिसात गेला आणि थकलेल्या बिलापोटी घरावर लीन, म्हणजे थकबाकीचा बोजा, नोंदवून आला.

सात महिन्यांनी काका स्वतः चेक आणि लीन सोडण्याचा कागद घेऊन त्याच्या दारात उभे. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं, पण लीन सुटल्याशिवाय विक्री होईना.

“अरे, परवा क्लोजिंग आहे, घर त्यांच्या नावावर करून द्यायचंय. आपण मराठी माणसं, सही करून टाक बाबा.”

प्रितमने चेक निरखून पाहिला आणि अगदी सावकाश सही केली. कागद हातात येताच काकांचा जीव भांड्यात पडला.

“आता रेकॉर्डवर तुझं नाव राहणार नाही ना?”

“राहणार ना, काका. लीन सुटला, पण नोंद पुसली जात नाही. यापुढे त्या घराचे कागद जो कोणी काढेल, त्याला तुमच्या आडनावाला चिकटून माझं आडनाव दिसेल. काकूंना सांगा, तिथे गोमूत्र चालत नाही.”