पाहुण्यांसाठी गार पाणी

तिसरं इंजेक्शन दिलं तरी रक्त थांबेना.

बाळ ठणठणीत होतं. बाहेर आल्या आल्या त्याने असा काही भोंगा पसरला, की दारातून बाळंतिणीची सासू ओरडली, "आवाज बापावर गेलाय गं बाई! आता घरात दोन-दोन!" सिस्टर हसली, आयामावशी हसली, टेबलावरची पोरगीपण दमलेल्या तोंडाने हसली होती. ते हसणं घडीभराचं. आता पोरगी पांढरीफटक पडत चालली होती आणि टेबलाखालची बादली भरत होती.

"मावशी, पोट चोळत राहा. हात काढू नका."

"चोळतेय की. पण पोट घट्टच होईना. औषध लागू पडत नाही का हो?"

सिस्टरने खिडकीकडे बघितलं आणि ती तिकडे धावली. खिडकीच्या कट्ट्यावर इंजेक्शनांचा खोका. त्याच्यावर कडकडीत ऊन. हात लावला तर चटका बसला.

हे औषध गारच ठेवायचं असतं. तापलं की त्याच्यात काही दम राहत नाही. हे तिला माहीत होतं. आणि खोका सकाळी तिनेच काढून ठेवला होता.

"सिस्टर, पाहुणे येतायत," डॉक्टर म्हणाले होते. "फ्रिज रिकामा करा, धुऊन पुसून लख्ख करा. पाण्याच्या बाटल्या लावा. औषधं काय, नंतर ठेवू परत." तेवढ्यात ही पोरगी कळा देत दारात आली. सगळी धावपळ. ते नंतर राहूनच गेलं.

लाल झालेले ग्लोव्ह्ज पाठीमागे लपवत ती डॉक्टरांच्या खोलीत पळाली.

दवाखाना तपासायला आलेले मोठे साहेब खुर्चीत रेलून बसले होते. सोबतचे दोघं माना डोलवत होते. "कमाल आहे हं," साहेब म्हणत होते. "एका बाळंतपणाला एवढाच खर्च? बाकीच्या दवाखान्यांना का नाही जमत?"

डॉक्टर नव्या नवरीसारखे लाजले. "सर, एका फ्रिजवर भागवतो, एका गाडीवर भागवतो. उगाच उधळपट्टी नाही."

सिस्टर त्यांच्या कानाशी वाकली. "डॉक्टर, रक्त थांबत नाहीये. इंजेक्शनं उन्हात तापली. गाडी काढा, मोठ्या दवाखान्यात न्यायला लागेल."

"गाडी जेवण आणायला गेलीय." डॉक्टरांचं हसू जागचं हललं नाही. "हळू बोला ना."

"बाहेर साहेबांच्या दोन उभ्या आहेत."

"व्हा पुढे. आलोच मी."

आणि ते परत साहेबांकडे वळले.

कोपऱ्यात फ्रिज होता. एखादा खोका मागे चुकून राहिला असेल तर? तिने दार उघडलं. आत आरशासारखं लख्ख. ओळीने बाटल्या, घामेजलेल्या, गारेगार. ती एकेक बाटली बाजूला सारून मागे हात घालून चाचपायला लागली. मागे काही नव्हतं. आणखी बाटल्या होत्या.

"वा! अगदी वेळेवर," पाठीमागून मोठे साहेब म्हणाले. "सिस्टर, एक इकडे द्या. घसा कोरडा पडलाय बोलून बोलून."

बाळंतिणीच्या खोलीतून सासूची हाक आली. मघाचा आवाज नव्हताच तो. "सिस्टर! अहो, ही बोलत नाहीये!"

सिस्टर वळली. हातात बाटली तशीच. "साहेब, आत रक्त..."

साहेबांनी हात पुढे केला होता. बाटलीवर उमटलेली लाल बोटं दिसली तसा त्यांनी तो मागे घेतला.

"ही नको," ते म्हणाले. "दुसरी द्या."