पहिल्या रांगेतला हात

आपण चुकलो की बाकीचे, हेच रेवाला कळेना.

चेन्नईच्या सभागृहात लावण्या नावाच्या संगीतकार बाईंची नवी सिंफनी पहिल्यांदाच वाजत होती. रचना मोठी गमतीची. व्हायोलिन आणि ट्रम्पेट जुन्या, भरदार थाटात उसळायचे, आणि त्यांच्या तळाशी मारिंबाच्या लाकडी पट्ट्यांवर एकच इवलासा तुकडा फिरत राहायचा. तो तुकडा रेवाकडे होता. आठ ठोके, त्यातला पहिला सगळ्यांत लांब पट्टीवर. पुन्हा तेच, पुन्हा तेच.

रेवा कोल्हापूरची. इथल्या वेलचेरी भागात राहून आयटीतली नोकरी सांभाळायची आणि सुट्टीच्या दिवशी या वाद्यवृंदात वाजवायची. तालमींत तिचा तुकडा बाकीच्यांच्या तालापासून सरकला होता.

"आज सरकलीस तर पुढच्या वेळी हे काम कॉम्प्युटरकडे," वृंद चालवणारे अनंतकृष्ण सर म्हणाले होते. रागावून नव्हे, चहा विचारावा तसं.

आणि आता, ऐन मध्यावर तिला वाटलं, सरकला. सरांचा हात व्हायोलिनवाल्यांचं लांब माप दाखवत होता, त्यात तिचा ठोका सापडेना. हात तेवढे चालू होते. थांबून पुन्हा धरावं का? तेवढ्यात तिची नजर पहिल्या रांगेत गेली.

पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळाला भस्म लावलेले एक आजोबा मांडीवर ताल धरून बसले होते. इथल्या कच्चेरीत, म्हणजे गाण्याच्या मैफलीत, जाणते श्रोते धरतात तसाच. आधी तळव्याची थाप, मग करंगळीपासून एकेक बोट. त्यांची थाप पडली आणि रेवाची काठी लांब पट्टीवर पडली. पुढच्या फेरीतही तसंच.

म्हणजे सगळं जागेवर होतं. तिचा श्वास मोकळा झाला. मग शेवटपर्यंत तिनं त्या हातावरून नजर हलवली नाही. वाजवताना इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं.

टाळ्या थांबेनात. पडद्यामागे सर एवढंच म्हणाले, "कॉम्प्युटर राहू दे. पुढेही तूच."

रेवा धावतच बाहेर आली. आजोबा बायकोसोबत कॉफी घेत उभे होते. तिनं मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सुरुवात केली, मध्येच मराठी शब्द घुसला, तशा आजी हसल्या.

"मराठीत बोल की. आम्ही तंजावरकडचे मराठी. मी कमलिनी, हे चंद्रमौळी."

रेवा वाकून पाया पडली. "आजोबा, मी पार हरवले होते. तुम्ही एवढ्या बारकाईनं ऐकत होतात, म्हणून तुमच्या हाताकडे बघून निभावलं."

चंद्रमौळींनी प्रसन्नपणे तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"त्यांना काय सांगतेस, कण्णा," कमलिनीबाई लाडानं म्हणाल्या. "कानातलं मशीन घरीच विसरले. त्याच्याविना ढोल बडवला तरी कळत नाही. वेळ जावा म्हणून तुझ्या काठीबरोबर हात हलवत बसले होते."